रुग्णशय्येवरील स्त्री आणि संमतीची भाषा : दिल्लीच्या संदर्भात एक इतिहास

१. दोन प्रतिज्ञा, एक उंबरठा

रुग्णालयात स्त्रीवर होणारा लैंगिक अत्याचार हा विषय बहुधा गुन्हेवृत्त म्हणून वाचला जातो आणि गुन्हेवृत्ताबरोबरच विसरला जातो. त्याला इतिहास आहे, एवढेच नव्हे तर त्या इतिहासाचा मोठा भाग संहितांचा इतिहास आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. प्रतिज्ञा, निकालपत्रे, कायद्याची कलमे, नाटके आणि कादंबऱ्या यांतून रुग्णशय्येवरील स्त्री कशी लिहिली गेली, याचा शोध हा तौलनिक साहित्याभ्यासाच्याही कक्षेत येतो. प्रस्तुत विवेचनाचे केंद्र दिल्ली हे आहे. कारण महाराष्ट्रात घडलेल्या दोन घटनांना कायद्याची भाषा लाभली ती दिल्लीत, आणि त्या भाषेच्या मर्यादाही पुढे दिल्लीच्याच परिसरात उघड झाल्या.

वैद्याच्या हातून रुग्णाच्या देहाचा गैरवापर होऊ शकतो, ही जाणीव वैद्यकाइतकीच जुनी आहे. ग्रीक परंपरेतील हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रतिज्ञेत, ज्या घरी वैद्य जाईल तेथील स्त्री वा पुरुष, स्वतंत्र नागरिक वा गुलाम, कोणाशीही तो लैंगिक व्यवहार करणार नाही, असे स्पष्ट वचन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील शिष्योपदेशातही आतुराच्या घरात प्रवेश केल्यावर वैद्याची वाणी, मन, बुद्धी आणि इंद्रिये रुग्णहिताखेरीज अन्यत्र गुंतू नयेत, अशी शिकवण आहे. मात्र चरकसंहिता एक पाऊल पुढे जाते. पती वा पालक जवळ नसलेल्या स्त्रीवर उपचार करू नयेत, असा निर्बंध ती घालते.

या दोन संहितांतील फरक लक्षणीय आहे. ग्रीक प्रतिज्ञा वैद्याच्या आत्मसंयमावर विसंबते. चरकसंहिता त्या संयमाला साक्षीदाराची जोड देते. पण हा साक्षीदार स्त्रीचा पती वा पालक आहे. तिची संमती त्याच्या उपस्थितीत विरून जाते. दोन्ही संहितांत एक गोष्ट मात्र समान आहे. वैद्य हा रुग्णाच्या घरी आलेला परका माणूस आहे. उंबरठा रुग्णाचा आहे आणि तो ओलांडताना शपथ वैद्याने घ्यायची आहे. आधुनिक रुग्णालयाने नेमके हे नाते उलटे केले. तेथे उंबरठा संस्थेचा असतो, परकी असते ती रुग्ण स्त्री, आणि पती वा पालक दाराबाहेरच्या बाकावर बसलेला असतो.

२. जनाना रुग्णालयाचे उत्तर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या उलट्या उंबरठ्याचे भय हिंदुस्थानी समाजाला जाणवू लागले होते. १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील भाषणात आनंदीबाई जोशी यांनी हिंदू स्त्रीवैद्यांची आवश्यकता मांडली, त्यामागे पुरुष वैद्यापुढे आपला आजार उघड करण्यास स्त्रिया तयार होत नाहीत हा अनुभव होता. १८८५ मध्ये डफरिन निधीची स्थापना झाली. त्याच वर्षी दिल्लीत स्त्रिया व मुले यांच्यासाठी सेंट स्टीफन्स रुग्णालय उभे राहिले, आणि १९१६ मध्ये स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देणारे लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय नव्या राजधानीत सुरू झाले.

या संस्थांचे कार्य मोठे होते. परंतु त्यांच्यामागील विचार संरक्षणाचा होता, संमतीचा नव्हता. स्त्रीचा देह पुरुषाच्या नजरेपासून दूर ठेवला की प्रश्न मिटतो, असे त्यात गृहीत होते. लज्जा हा त्या काळच्या चर्चेचा मुख्य शब्द होता. अत्याचार या शब्दाला तेथे जागा नव्हती. कारण लज्जेच्या भाषेत अत्याचार सांगता येत नाही, तो केवळ झाकता येतो. झाकण्याची ही सवय पुढे किती महाग पडली, हे मुंबईतील १९७३ च्या घटनेत दिसून आले.

३. देसाईगंज ते दिल्ली

त्याआधी १९७२ मध्ये, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हा खटला 'मथुरा' या नावाने ओळखला जातो. सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तेव्हा तिने प्रतिकार केला नाही; प्रतिकार केला नाही, तेव्हा संमती होती, अशी त्या निकालाची तर्कसाखळी होती.

या खटल्याचा घटनास्थळ म्हणून रुग्णालयाशी संबंध नाही. पण पुरावा म्हणून आहे. तिची तपासणी करणाऱ्या वैद्यकीय अहवालातील 'दोन बोटां'ची नोंद आणि योनिपटलाच्या जुन्या क्षतींचा उल्लेख सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आला आहे. म्हणजे ज्या खोलीत तिच्या देहाची काळजी घेतली जावी, त्याच खोलीत तिच्याविरुद्धची साक्ष तयार झाली. रुग्णालय हे येथे उपचाराचे नव्हे, तर चारित्र्याच्या निवाड्याचे स्थळ ठरले.

१९७९ च्या सप्टेंबरमध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना एक अनावृत पत्र लिहिले. पत्राचे मूळ दिल्ली विद्यापीठाच्या विधी विद्याशाखेत होते, धागमवार पुण्याच्या. शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्या पत्राचा गाभा होता. पत्रवाङ्मयाच्या इतिहासात या पत्राची नोंद व्हावयास हवी, कारण त्याने दोन क्रियापदांमधील अंतर दाखवून देशाचा कायदा बदलण्यास चालना दिली. १९८० च्या आरंभी मुंबई, दिल्ली आणि अन्य शहरांत स्त्री-संघटना रस्त्यावर आल्या. विधी आयोगाने त्याच वर्षी चौऱ्याऐंशीवा अहवाल दिला. आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली.

४. 'त्या रुग्णालयातील स्त्री'

१९८३ च्या दुरुस्तीची चर्चा बहुधा पोलीस कोठडीपुरती होते. प्रत्यक्षात भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७६ (२) मध्ये पोलीस आणि तुरुंग यांच्या पंक्तीला रुग्णालयही बसविले गेले. रुग्णालयाच्या व्यवस्थापनातील वा सेवेतील व्यक्तीने आपल्या पदाचा फायदा घेऊन त्या रुग्णालयातील स्त्रीवर बलात्कार केल्यास किमान दहा वर्षांची शिक्षा, ही तरतूद तेव्हा प्रथमच आली. बलात्कार या संज्ञेत न बसणाऱ्या, पण पदाच्या आधारे घडवून आणलेल्या संभोगासाठी ३७६-ड हे वेगळे कलम आले.

या तरतुदीचे शब्द काळजीपूर्वक वाचण्यासारखे आहेत. तुरुंगासंबंधीच्या उपकलमात 'अंतेवासी' या अर्थाचा शब्द आहे. रुग्णालयासंबंधीच्या उपकलमात मात्र 'रुग्ण' हा शब्द नाही. तेथे 'त्या रुग्णालयातील स्त्री' असे म्हटले आहे. त्यामुळे रुग्ण, तिच्या सोबतीला आलेली नातलग आणि तेथे काम करणारी परिचारिका या तिघीही त्या शब्दांत सामावतात. रुग्णालयाच्या व्याख्येतही आजारातून उठणाऱ्यांसाठीच्या आणि पुनर्वसनासाठीच्या संस्था व त्यांचे आवार यांचा समावेश केला गेला. कायद्याने येथे नकळत एक महत्त्वाची गोष्ट ओळखली होती : धोका आजारात नाही, आवाराच्या सत्तेत आहे.

मात्र याच दुरुस्तीत एक खोल विसंगती राहून गेली. पुरावा कायद्यात घातलेल्या ११४-अ या कलमाने अशा खटल्यांत संमती नव्हती असे गृहीत धरण्याची सोय केली. पण त्यासाठी स्त्रीने न्यायालयासमोर साक्षीत 'आपली संमती नव्हती' असे सांगणे आवश्यक ठेवले. पोलीस ठाण्यातून बाहेर पडलेली स्त्री हे सांगू शकते. भुलीखाली असलेली, श्वसनयंत्रावर ठेवलेली, वाचा गेलेली स्त्री काय सांगणार? कायद्याने रुग्णालयाचे नाव घेतले खरे, पण रुग्णाच्या मौनाचा विचार त्याने केला नाही.

५. अरुणा : वाचा गेलेली साक्षीदार

या मौनाचे सर्वांत दीर्घ उदाहरण कायदा होण्यापूर्वीच मुंबईत घडले होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरहून आलेल्या अरुणा शानबाग या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून त्यांच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्याने त्यांची वाचा, दृष्टी आणि हालचाल गेली. परिचारिकेची रुग्ण झाली आणि १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत ती त्याच रुग्णालयात राहिली.

आरोपीला शिक्षा झाली ती जीवघेणा हल्ला आणि चोरी यांसाठी, सात वर्षांची. झालेला अत्याचार त्या काळच्या व्याख्येत 'बलात्कार' ठरत नव्हता, आणि अनैसर्गिक संभोगाचा जो गुन्हा नोंदविता आला असता तोही नोंदविला गेला नाही. अरुणाचा विवाह ठरला होता; बदनामी टळावी हा त्यामागील हेतू होता, असे या प्रकरणावरील लेखनातून पुढे आले आहे. लज्जेच्या भाषेने येथे अत्याचार झाकला आणि तो झाकताना गुन्हाच पुसला. केईएमच्या परिचारिकांनी मात्र गप्प न राहता संप केला. आणि पुढे त्यांना तेथून हलविण्याचा महापालिकेचा प्रयत्न झाला, तेव्हाही परिचारिकांनीच तो हाणून पाडला.

अरुणाची कथा निरनिराळ्या भाषांत कशी गेली, हे पाहण्याजोगे आहे. १९८५ मध्ये हरकिसन मेहता यांची 'जड चेतन' ही गुजराती कादंबरी आली. १९९८ मध्ये पिंकी विराणी यांचे 'अरुणाज स्टोरी' हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठीत दत्तकुमार देसाई यांचे 'कथा अरुणाची' हे नाटक २००२ मध्ये विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. केवळ शीर्षके ताडून पाहिली तरी एक क्रम दिसतो. गुजराती शीर्षकात व्यक्तीचे नाव नाही. जड आणि चेतन या तत्त्वज्ञानातील जोडीत तिची अवस्था बसविली आहे. इंग्रजी आणि मराठी शीर्षके नाव घेतात, पण 'कथा' हा शब्दही घेतात. शिवाय इंग्रजी पुस्तकाच्या उपशीर्षकात बलात्कार हा शब्द स्पष्टपणे येतो. म्हणजे न्यायालयाच्या कागदावर जो शब्द कधीच उमटला नाही, तो साहित्याच्या मुखपृष्ठावर पंचवीस वर्षांनी उमटला.

येथे नावाचा प्रश्नही उभा राहतो. १९८३ च्याच दुरुस्तीने अत्याचारित स्त्रीची ओळख प्रकट करणे हा गुन्हा ठरविला. 'मथुरा' आणि 'अरुणा' ही नावे त्याआधीच सार्वजनिक झाली होती. त्यानंतरच्या स्त्रिया अनाम राहिल्या, आणि ते योग्यच होते. परंतु त्यामुळे कथा सांगणाऱ्यांना घटना ओळखायची ती स्थळाच्या नावाने.

६. शांती मुकुंद, २००३

अशीच स्थळाच्या नावाने लक्षात राहिलेली दिल्लीतील घटना शांती मुकुंद रुग्णालयाची. २००३ च्या सप्टेंबरमध्ये पूर्व दिल्लीतील या खासगी रुग्णालयात रात्रपाळीवर असलेल्या एका तरुण परिचारिकेवर तेथील वॉर्डबॉयने बलात्कार केला आणि तिचा एक डोळा फोडला. केईएममधील घटनेला तेव्हा तीस वर्षे होत आली होती. रात्र, रुग्णालय, परिचारिका आणि कनिष्ठ कर्मचारी ही चौकट तीच होती. फरक एवढाच, की ही परिचारिका बोलू शकत होती.

तिच्या बोलण्याचे मोल २००५ मध्ये कळले. कडकडडूमा येथील न्यायालयात दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा सुनावण्याच्या टप्प्यात आरोपीने तिच्याशी लग्न करण्याची तयारी दाखविणारा अर्ज दिला. न्यायालयाने तो तेथल्या तेथे फेटाळण्याऐवजी तिचे उत्तर मागविले. देशभरातील स्त्री-संघटनांनी याचा निषेध केला. तिने तो प्रस्ताव ठामपणे नाकारला आणि आरोपीला जन्मठेप झाली.

हा प्रसंग रुग्णालयीन अत्याचाराच्या इतिहासात मध्यवर्ती मानावा लागतो. १९७३ मध्ये विवाह मोडू नये म्हणून गुन्हा लपविला गेला. २००५ मध्ये विवाह जुळेल म्हणून गुन्हा सौम्य होण्याची शक्यता न्यायासनापुढे मांडली गेली. दोन्ही वेळा स्त्रीच्या देहाचे अंतिम ठिकाण विवाह हेच समजले गेले. परंतु दुसऱ्या वेळी एका स्त्रीचा नकार न्यायालयाच्या नोंदीत गेला. प्राचीन संहितेत पालकाची उपस्थिती जे काम करीत होती, ते येथे तिच्या स्वतःच्या 'नाही' या शब्दाने केले.

७. गालिब, वादमित्र आणि ७ मार्च २०११

अरुणा शानबाग यांचे प्रकरण २००९ मध्ये दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे आले, ते अत्याचाराचे म्हणून नव्हे, दयामरणाचे म्हणून. पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने याचिका केली होती. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. याचिका फेटाळली, मात्र उच्च न्यायालयाच्या परवानगीने निष्क्रिय दयामरणाचा मार्ग खुला केला. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार, म्हणजे वादमित्राचे स्थान, न्यायालयाने विराणी यांना न देता केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिले.

निकालपत्राचा आरंभ दिल्लीच्या गालिबच्या एका शेराने होतो. मरणाची आस बाळगूनही मरण न येण्याची व्यथा त्यात आहे. तौलनिक अभ्यासकाला येथे थांबावे लागते. शेरातील वेदना प्रथमपुरुषी आहे : तिथे इच्छा करणारा स्वतः बोलतो आहे. अरुणाची इच्छा काय, हे कोणालाही कळू शकत नव्हते; किंबहुना तोच खटल्याचा मूळ प्रश्न होता. जिच्याजवळ 'मी' म्हणण्याचे साधन उरले नव्हते, तिच्यावर उर्दू काव्यातील समृद्ध 'मी' चढविला गेला. निकालाचा तर्क या शेराच्या विरुद्ध दिशेने जातो, हे त्यातील विशेष.

वादमित्राचा निर्णयही तितकाच बोलका आहे. परिचारिकांनी ३७ वर्षे केलेली शुश्रूषा असामान्य होती, आणि न्यायालयाने तिचा गौरव केला तो सार्थच. तरी इतिहासाच्या दृष्टीने पाहता, ज्या आवारात अत्याचार झाला, त्याच आवाराकडे पालकत्व गेले. उंबरठ्याचे उलटलेले नाते येथे पूर्ण झाले. त्या निकालानंतरच्या सार्वजनिक चर्चेत अरुणा हे दयामरणाच्या कायद्याचे नाव बनले. अत्याचाराची हकीकत प्रास्ताविकापुरती उरली. तिच्या अवस्थेने गुन्ह्याला झाकले. साहित्यातही जीवन-मृत्यूच्या सीमारेषेचे आकर्षण इतके प्रबळ असते, की तिथवर तिला कोणी आणले हा प्रश्न मागे पडतो. मराठी समीक्षेने हा धोका नोंदविणे आवश्यक आहे.

८. २०१३ नंतर

डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर न्या. वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ मध्ये कायदा पुन्हा बदलला. रुग्णशय्येच्या दृष्टीने त्यातील चार गोष्टी महत्त्वाच्या आहेत. बलात्काराची व्याख्या व्यापक झाली. अरुणावरील अत्याचार आता त्या शब्दात बसला असता. रुग्णालयासंबंधीच्या उपकलमातून 'पदाचा फायदा घेऊन' ही अट गेली. संमती कळविण्यास असमर्थ असलेल्या स्त्रीशी केलेला संभोग बलात्कार ठरला. म्हणजे श्वसनयंत्रावरील स्त्रीचे मौन प्रथमच कायद्याच्या मजकुरात आले. आणि वैद्यकीय उपचार वा प्रक्रिया म्हणजे बलात्कार नव्हे, असा अपवाद घातला गेला. स्पर्श तोच, अवयव तेच; भेद केवळ हेतूचा, हे जुन्या प्रतिज्ञांना ठाऊक असलेले सत्य आता दंडसंहितेत आले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी कलम ६३, ६४ आणि ६८ मध्ये कायम आहेत. 'दोन बोटां'च्या चाचणीला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्त्रीच्या खासगीपणाचा भंग करणारी ठरविले, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तिला मनाई केली, आणि तरीही ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला तीच गोष्ट अधिक कठोरपणे पुन्हा सांगावी लागली.

वैद्यकाची स्वतःची भाषा मात्र हळू बदलते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाशी होणाऱ्या गैरवर्तनाचे शीर्षक 'व्यभिचार' या शब्दाने सुरू होते. व्यभिचार हा विवाहाविरुद्धचा दोष आहे, रुग्णाविरुद्धचा नव्हे. शिवाय ही संहिता केवळ नोंदणीकृत डॉक्टरांना लागू. वॉर्डबॉय, तंत्रज्ञ आणि कंत्राटी कामगार तिच्याबाहेर. या तुलनेत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली आणि केंद्र शासनाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठविलेली रुग्णहक्कांची सनद पुढची आहे. पुरुष डॉक्टरने तपासणी करताना दुसरी स्त्री उपस्थित असण्याचा हक्क ती स्त्री रुग्णाला देते. चरकसंहितेतील साक्षीदार येथे परत आला आहे, पण तो पती वा पालक नाही, स्त्री आहे. आणि तो निर्बंध नाही, रुग्णाचा हक्क आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील प्रशिक्षणार्थी डॉक्टरच्या बलात्कार व हत्येनंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी त्या वेळी अरुणा शानबाग यांचे स्मरण केले आणि राष्ट्रीय कार्यदल नेमले. कार्यदलाचा विषय वैद्यकीय कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हा होता. १९८३ च्या कलमाने 'त्या रुग्णालयातील स्त्री' या शब्दांत रुग्ण आणि परिचारिका यांना एकत्र ठेवले होते. धोरणाने त्यांना पुन्हा वेगळे केले.

वेगळे केल्यावर काय राहून जाते, हे एप्रिल २०२५ मध्ये दिसले. गुरुग्राममधील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात श्वसनयंत्रावर असताना आपल्यावर अत्याचार झाला, अशी तक्रार एका स्त्री रुग्णाने घरी परतल्यावर केली. त्या वेळी आपल्याला हालचाल वा आवाज करता येत नव्हता आणि परिचारिका तेथे हजर होत्या, असे तिचे म्हणणे होते. पोलिसांनी एका तंत्रज्ञाला अटक केली. आरोपाचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे. येथे महत्त्वाचे ते तक्रारीचे स्वरूप : त्या क्षणी मुकी असलेली स्त्री नंतर स्वतः प्रथमपुरुषात बोलली.

९. समारोप

या इतिहासातून एक क्रम स्पष्ट होतो. प्राचीन संहितांनी वैद्याला शपथ घातली आणि स्त्रीला पालक दिला. वसाहतकाळाने तिला स्वतंत्र दालन दिले. १९८३ ने आवाराचे नाव घेतले. २०१३ ने तिच्या मौनाला अर्थ दिला. प्रत्येक टप्प्यावर भाषा थोडी पुढे गेली आणि प्रत्येक वेळी ती पुढे नेणाऱ्यांत पत्र लिहिणारे, संप करणारे आणि नकार देणारे लोक होते. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे १९७९ च्या पत्राने सांगितले. रुग्णशय्येवर त्याचा अर्थ अधिक गंभीर होतो. कारण तेथे शरण जाणे ही उपचाराचीच अट असते. देह दुसऱ्याच्या हाती सोपविल्याखेरीज बरे होता येत नाही. म्हणूनच त्या सोपविण्याची मर्यादा कोणती, हे स्त्री बोलू शकत नसतानाही वाचता येईल अशा शब्दांत लिहून ठेवणे, हे कायद्याचे आणि वैद्यकाचे जितके काम आहे, तितकेच साहित्याचेही आहे.